पेवातला आवाज

पूर्वी मेखलपुरात अचलसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राघूच्या जन्मात राजवाड्यातल्या चिंचेवर राहत असे. चिंचेखाली एक जुने पेव होते, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. त्यात वर्षानुवर्षे धान्य नव्हते. तरी त्याच्या दगडी झाकणाजवळून जाताना दासी भराभर पाय उचलीत, कारण खाली कोणी श्वास घेत असल्याचा भास होई.

अचलसेन न्यायी होता, पण त्याच्या तऱ्हा विचित्र होत्या. भांड्यावर झाकण ठेवलेले त्याला खपत नसे. भातात राख पडे, दुधात माशी पडे, पण बोलायची कोणाची प्राज्ञा नव्हती. त्याच्या शेजघराला दार नव्हते. कोणी रडू लागले की त्याचा चेहरा पांढराफटक पडे. असे का होते हे त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते.

राघूला ठाऊक होते. तो पिल्लू असताना अचलसेनाचे वडील, थोरले महाराज, रडणाऱ्या लहानग्या अचलसेनाला या पेवात उतरवीत आणि झाकण लावीत. ते मूल अंधारात काय बोले ते राघूने ऐकले होते. पण दुसऱ्याचे दुःख चारचौघांत बोलून दाखवू नये, म्हणून इतकी वर्षे त्याने ते कंठात ठेवले.

एके दुपारी राजकन्या तरला हिचे पाळलेले मुंगूस मेले. ती रडू लागली, ती काही केल्या थांबेना. राजा आला. त्याचा चेहरा पांढरा झाला आणि तोंडून निघाला तो आवाज त्याचा नव्हता. म्हाताऱ्या दाईने तो ओळखला. थोरले महाराज असेच बोलत, आणि त्यांना जाऊन कितीतरी वर्षे झाली होती.

"हिला पेवात सोडा. गप्प झाली तरी दिवस मावळेपर्यंत काढू नका."

राणी नंदवतीने त्याचे पाय धरले. "महाराज, बंद पेवातली हवा विषारी असते. लेकरू गुदमरेल."

"मी नाही गुदमरलो," राजा म्हणाला.

मुलीला खाली उतरवून झाकण लावले. रडणे येत राहिले, मग बारीक झाले, मग थांबले. "पाहा, शहाणी झाली," राजा म्हणाला. ऊन अजून माथ्यावर होते.

हे असे गप्प होणे राघूने पूर्वीही ऐकले होते. त्याला ते शहाणपण वाटले नाही. तो झाकणावर येऊन बसला आणि एका लहान मुलाच्या आवाजात बोलू लागला, "बाबा, मी आता नाही रडणार. झाकण काढा ना. माझा मातीचा हत्ती वर उन्हात राहिलाय. त्याला तरी आत घ्या."

"मारा त्याला," राजा म्हणाला. बाण राघूच्या पंखातून आरपार गेला. आधीच उडून जाणे सोपे होते, पण तो हलला नव्हता. त्याच आवाजात तो पुन्हा म्हणाला, "बाबा, मी अजून इथेच आहे."

मातीच्या हत्तीची गोष्ट राजाने कधीच कोणाला सांगितली नव्हती. त्याने नखे तुटेपर्यंत तो दगड स्वतः सारला, श्वास रोखला आणि खाली उतरला. वर आला तेव्हा तरला त्याच्या खांद्यावर होती. मोकळ्या हवेत ती खोकली आणि रडू लागली, आणि राजाने तिला रडू दिले. त्याचा दुसरा हात मात्र कोणाची तरी बोटे धरल्यासारखा मिटलेला होता.

"खाली दोन हात लागले," तो राणीला हळूच म्हणाला. "एक कोमट होता, एक गार. मी दोघांनाही वर आणले आहे."

राणीला एकच मूल दिसत होते. तरी तिने त्या मिटलेल्या हातावरही पदर घातला. पुढे पेव बुजवले गेले आणि भातावर झाकण पडू लागले.

पूर्वजन्मीची ही कथा भिक्खूंना सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "तेव्हाचा अचलसेन म्हणजे हा भिक्खू कुंदक, जो कडाक्याच्या थंडीतही कुटीचे दार लावत नाही आणि काल रडणाऱ्या श्रामणेरावर, म्हणजे नवशिक्या बालभिक्खूवर, धावून गेला. तो श्रामणेर तेव्हाची तरला. नंदवती आज भिक्खुणी मृणाला आहे, आणि राघू मीच होतो. दुसऱ्याचे रडणे जपून ठेवावे आणि वेळ येताच, जिवावर बेतले तरी, त्याचे त्याला ऐकवावे. भिक्खूंनो, हीच करुणा."

कुंदकाने आपल्या तळहाताकडे पाहिले. मग म्हणाला, "भंते, तो गार हात पुढे ऊब धरू लागला का?"

"धरतो आहे," शास्ते म्हणाले. "सोडू नकोस."