धुक्यातली गोजरा

फार फार मागची गोष्ट. त्या डोंगरांवर तेव्हा राज्य कुणाचं होतं, ते आता कुणाला आठवत नाही. पण तिथल्या एका उंच पठारावर वैद्यकीची पाठशाळा होती, एवढं मात्र सगळेच सांगतात.

त्या पठारावर बाराही महिने धुकं असे. भर दुपारीसुद्धा चार हातांवरचा माणूस दिसत नसे. म्हणून शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला जाई. धुक्यात पावलं वाजली, तर "कोण?" असं विचारायचं. येणारी आपलं नाव सांगेल. पण समोरून तुमचंच नाव ऐकू आलं, तर एक शब्दही बोलायचा नाही. मुकाट्यानं मागं फिरायचं.

"असं का?" म्हणून कुणी विचारलं, तर पाठशाळेच्या थोरल्या बाई एवढंच म्हणत, "काही मुली फिरल्या नाहीत."

त्या वर्षी पाठशाळेत गोजरा नावाची मुलगी आली. तिचे आबा खालच्या गावात सुपं-टोपल्या विणत. गावात पंतोजींकडे अकरा मुलं शिकत, त्यांत गोजरा नेहमी पहिली. तिला एकदा सांगितलं की पुरे, दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही, असं सारं गाव म्हणे. ती निघाली तेव्हा बायकांनी तिला पिवळंधमक परकर-पोलकं शिवून दिलं आणि वेशीपर्यंत पोचवायला आल्या.  आबा नुसते तिचं गाठोडं पुन्हा पुन्हा आवळून बांधत राहिले.

पाठशाळेत दर पंधरा दिवसांनी परीक्षा होई. एक दगडी दालन होतं, त्याला खिडकी नव्हती. प्रत्येक मुलीसमोर दहा पणत्या पेटवून ठेवत. थोरल्या बाई दहा प्रश्न विचारत. उत्तर चुकलं, की मुलीनं आपल्याच हातानं एक पणती मालवायची.

पहिल्या परीक्षेत गोजरासमोर चार पणत्या उरल्या. तिला वाटलं, नवीन जागा आहे, होतं असं. दुसऱ्या वेळी तीन उरल्या. पुढच्या पंधरवड्यात ती रोज पहाटे उठली, तीच पानं तशीच वाचत राहिली, आणि तिसऱ्या वेळी तिच्यासमोर एकच पणती उरली. नऊ वातींचा धूर तिच्या नाकातोंडात गेला. शेजारी तुळजा बसली होती, तिच्याच खोलीतली मुलगी. तिच्या आठ पणत्या जळत होत्या. त्यांच्या उजेडात गोजराला आपले काजळलेले हात दिसले.

"माझ्याबरोबर बसतेस का अभ्यासाला?" बाहेर आल्यावर तुळजानं विचारलं. "मलाही औषधी मुळ्यांची नावं आधी येत नव्हती. मी झाडपाल्याची बाग राखणाऱ्या बाईंना विचारून विचारून शिकले."

"मला येतं सगळं," गोजरा म्हणाली. "आज डोकं दुखत होतं."

पठारावरून मिठाचे तांडे खाली जात. त्यांच्याबरोबर तिनं आबांना चिठ्ठी धाडली, 'दहाच्या दहा पणत्या.' आबांना वाचता येत नसे. चिठ्ठी पंतोजी वाचून दाखवणार, तीही चावडीवर, हे तिला ठाऊक होतं. सारं गाव ऐकणार होतं. चिठ्ठी गेली आणि तिला जेवण जाईनासं झालं.

त्याच दुपारी ती धुक्यात एकटीच चालत सुटली. पाठशाळेची भिंत दिसेनाशी झाली. आवाज बंद झाले. पाखरूही बोलेना. मग समोरून पावलं वाजली.

"कोण?" तिनं विचारलं.

"गोजरा," धुक्यातून उत्तर आलं.

नियम तिला पाठ होता. पण तो आवाज किती आनंदी होता! गावात पंतोजींनी प्रश्न विचारला, की ती ज्या आवाजात उत्तर द्यायची, अगदी तोच. इथं आल्यापासून तिनं तो ऐकलाच नव्हता. तिचे पाय मागं वळेनात.

"कोणती गोजरा?" ती म्हणाली.

धुकं जरा विरळ झालं. समोर पिवळंधमक परकर-पोलकं घातलेली एक मुलगी उभी होती. चेहरा तिचाच. पण त्या चेहऱ्यावर शंकेची एक रेघ नव्हती, आणि त्या डोळ्यांची पापणी लवत नव्हती.

"पहिली येणारी," ती मुलगी हसून म्हणाली. "कधीच न चुकणारी. तुझ्या जागी मी बसते परीक्षेला. तू नुसती बाजूला सर."

"आणि मी काय करू?"

"काही नाही. तुला काहीच करावं लागणार नाही."

गोजरा बाजूला सरली.

चौथ्या परीक्षेत दहाही पणत्या जळत राहिल्या. खरी गोजरा दाराशी उभी राहून बघत होती, पण ती कुणाच्या नजरेस पडत नव्हती. पिवळ्या कपड्यांतली ती मुलगी प्रश्न संपायच्या आत उत्तर देत होती. मात्र एक गोष्ट विचित्र होती. तिनं उत्तर दिलं, की दालनातली दुसरी एखादी मुलगी अडखळायची. तुळजानं तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. "आत्ता होतं जिभेवर," ती पुटपुटली. एकेक करत तिनं सहा पणत्या मालवल्या, आणि तिचे डोळे भरून आले.

तेव्हा गोजराला कळलं. त्या मुलीला स्वतःचं असं काहीच येत नव्हतं. ज्यांना येतं, त्यांच्या जिभेवरून ती उचलत होती.

हे थांबवावं असं तिच्या मनात आलं. पण त्या दिवशी सगळ्या पाठशाळेनं तिच्या नावाचं कौतुक केलं, आणि ती गप्प राहिली.

पाचवी परीक्षा झाली, सहावी झाली. जेवणाच्या पंगतीत आता गोजराचं पान मांडलं जात होतं, पण त्यावर दुसरीच बसत होती. खऱ्या गोजराला कुणी ताट देत नसे. ती समोर उभी राहिली, तर वाढणारी बाई तिच्या आरपार बघून पुढं जाई. ओल्या मातीत तिचं पाऊल उमटेना. बोलायला गेली, तर तोंडातून थंड वाफ तेवढी निघे.

रोज झोपताना तुळजा खोलीतल्या त्या पिवळ्या कपड्यांतल्या मुलीकडे बघे आणि तोंड फिरवून घेई. एकदा ती अंधाराला सांगावं तसं म्हणाली, "आधीची गोजरा चुकायची, पण ती गार नव्हती गं." गोजरा तिच्या उशाशीच बसली होती. तिनं तुळजाच्या खांद्यावर हात ठेवला. तुळजा शहारली आणि तिनं घोंगडी वर ओढून घेतली.

अशात एक दिवस थोरल्या बाई दरीतल्या गावी साथ आली म्हणून निघून गेल्या. बाई नसताना रोगी आला, तर परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीनं उपचार ठरवायचा, अशी तिथली रीत होती. दुपारी एक धनगर आपल्या चार वर्षांच्या लेकीला खांद्यावर टाकून धावत आला. पोरीचे ओठ जांभळे पडले होते. हातपाय गार पडत चालले होते.

"वाचवा हो हिला!" तो दारातच मटकन बसला. "रानात काहीतरी खाल्लं तिनं."

सगळ्या मुली पिवळ्या कपड्यांकडे बघू लागल्या. ती मुलगी पुढं आली. तिनं एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. पण असा रोग तिथं कुणीच पाहिला नव्हता. कुणाच्याच जिभेवर उत्तर नव्हतं, मग ती उचलणार काय? तरी तिच्या चेहऱ्यावरचं हसू ढळलं नाही.

"कडू मुळी उगाळून पाजा," ती ठणकावून म्हणाली.

तुळजा मुळी आणायला धावली.

खरी गोजरा कोपऱ्यात उभी होती. हे उत्तर खोटं आहे हे फक्त तिला ठाऊक होतं. उत्तर माहीत नसताना असं ठणकावून बोलायची सवय तिची स्वतःचीच होती. ती ओरडली, "थांबा!" वाफ निघाली, आवाज निघाला नाही. ती पुढं झाली. पिवळी मुलगी तिच्या कानाशी लागून म्हणाली, "गप्प बस. तुला तरी येतंय का?"

नाही. तिला येत नव्हतं. पणत्या मालवताना, तुळजाशी बोलताना, चिठ्ठी लिहिताना जे शब्द तिनं गिळले होते, ते आता तिच्या ओठांवर आले. तुळजा मुळी उगाळत होती. सहाणेवर घासल्याचा आवाज येत होता.

"मला येत नाही," गोजरा म्हणाली.

कुणीतरी मान वर केली.

"मला येत नाही!" या वेळी आवाज फुटला. "तुळजा, ते देऊ नकोस! मला या रोगाचं काही ठाऊक नाही. मला कित्येक महिने काहीच येत नाहीये. मी खोटं सांगत आले."

सगळ्यांना एकाच वेळी दोन गोजरा दिसल्या. मुली किंचाळत भिंतीला चिकटल्या. एकीच्या अंगावर पिवळे कपडे, दुसरी हाडकुळी, केस पिंजारलेली, थरथरणारी. ती थरथरणारी मुलगी धनगरासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "दादा, मला शिकवा. तिनं काय खाल्लं? कुठं खाल्लं? तुमची मेंढरं तिथं चरतात का?"

धनगर गोंधळला. त्याला इतका वेळ कुणी काही विचारलंच नव्हतं.

"काळी बारीक फळं असतात, ओढ्याकाठी," तो म्हणाला. "मेंढरानं खाल्ली, की आम्ही चुलीतला कोळसा कुटतो आन् पाण्यातून पाजतो. पर ते मेंढराचं झालं. माणसाचं तुम्हाला ठावं."

"नाही हो दादा. आम्हाला नाही ठाऊक. किती कोळसा, कसा द्यायचा, तुम्हीच सांगा."

तो सांगत गेला आणि तुळजा कुटत गेली. गोजरानं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि काळं पाणी घोटाघोटानं पाजलं. पहिल्यांदा ते सगळं बाहेर आलं. दुसऱ्यांदा निम्मं आलं. तिसऱ्यांदा पोटात राहिलं.  बऱ्याच वेळानं पोरीच्या बोटांत ऊब आली आणि ती बारीक आवाजात रडायला लागली. धनगरही रडायला लागला.

मग मुलींनी मागं वळून पाहिलं. पिवळं परकर-पोलकं जमिनीवर पडलं होतं, रिकामं. पोरीला गारठा लागू नये म्हणून दार आतून लावलेलं होतं. त्याच्या फटीतून धुक्याची एक लांब रेघ हळूहळू बाहेर सरकत होती, जणू कुणी ती बाहेरून ओढून घेत होतं.

दोन दिवसांनी थोरल्या बाई परतल्या. गोजरानं त्यांना सगळं सांगितलं, तुळजाच्या उत्तरांचंसुद्धा. बाईंनी ऐकून घेतलं.

"नियम माहीत असून तू वळली नाहीस," त्या म्हणाल्या.

"नाही, बाई. मला पुन्हा पहिलं व्हायचं होतं."

"इथं येणारी प्रत्येक मुलगी आपापल्या गावात पहिलीच होती, गोजरा. तुळजाही. मीसुद्धा होते. तुला एकदा ऐकलं की यायचं, म्हणून शिकायचं कसं असतं, ते तू कधी शिकलीच नाहीस. ते आता शिकावं लागेल, आणि ते पहिल्या पाठापासून."

गोजराला सर्वांत लहान मुलींच्या रांगेत बसवलं. तुळजाच्या सगळ्या परीक्षा पुन्हा घेतल्या. गोजरानं तिची क्षमा मागितली. तुळजा आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिनं आपलं मुळ्यांचं पुस्तक तिच्यापुढं सरकवलं आणि म्हणाली, "इथून सुरू कर. अडलं की विचार. दहादा विचारलंस तरी चालेल."

आणि गोजरानं दहादा विचारलं.

तिनं आबांनाही खरी चिठ्ठी धाडली, पंतोजी ती चावडीवर वाचणार हे ठाऊक असूनही. चिठ्ठी ऐकून आबा तीन दिवस चढून पठारावर आले. लेक समोर आली तेव्हा त्यांनी पणत्यांचं नावही काढलं नाही. तिचं मनगट हातात धरून ते म्हणाले, "किती वाळलीस गं! नीट जेवतेस का नाही?"

गोजरा पाठशाळेत पुन्हा कधीच पहिली आली नाही. वर्षअखेरीस तिच्यासमोर सहा पणत्या जळत होत्या, आणि त्या सहाही तिच्या स्वतःच्या होत्या. पुढं ती त्या डोंगरांची वैद्य झाली. धनगर, कोळी, मीठवाले लांबून तिच्याकडे येत. ती औषध देण्याआधी फार प्रश्न विचारते अशी तिची ख्याती होती, आणि तिच्या हातून दगावलेली माणसं थोडी होती.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: "मला येत नाही" म्हणायची जो लाज धरतो तो अडाणीच राहतो, आणि जो ते मोकळेपणानं म्हणतो त्याचं शिक्षण तिथूनच सुरू होतं.