रस्त्याकडेच्या दोन ओळी

खूप जुनी गोष्ट आहे. मुलांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरा कान देऊनच ऐकावी.

पूर्वेला, सागाच्या डोंगरांपलीकडे, एका रुंद नदीकाठी एक राज्य होते. तिथे कालव्यांची देखरेख करणारा एक कारभारी होता. काय माणूस होता म्हणून सांगू! लुंगी गुडघ्यावर खोचून चिखलात उतरायचा, मूठभर माती नाकाशी धरायचा आणि म्हणायचा, "अजून चार दिवस थांबा, मग लावणी करा." लावणी करताना बायका गात, आणि हा मुद्दाम बेसूर साथ देऊन त्यांना हसवत असे. ते दिवस आठवले की अजून बरे वाटते.

पुढे सेनापतीने राजाला महालाबाहेर काढले आणि गादी बळकावली. त्याला तलवार कळे, भात कळत नसे. म्हणून त्याने कारभाऱ्याला शेतीमंत्री केले. सारा गाव त्याला पोचवायला नदीपर्यंत गेला. थोरली बहीण म्हणाली, "दरबारात आपलं असं कुणी नव्हतं रे. आता तू आहेस."

त्या दरबाराची एक रीत होती. सेनापती काहीही बोलला की मंत्र्यांनी "आज्ञा" एवढेच म्हणायचे. जो "पण" म्हणे, तो दुसऱ्या दिवशी दरबारात दिसत नसे. आपला मंत्री हुशार. पहिल्याच महिन्यात तो "पण" विसरला.

एका वर्षी पावसाने दगा दिला. नेमका तेव्हाच सेनापती पीक पाहायला निघाला, आणि तेही मंत्र्याच्या गावी. अधिकाऱ्यांनी युक्ती काढली. नदीच्या पाणथळीतून लोंब्या धरलेले भात मुळांसकट उपटून आणले आणि रस्त्याच्या कडेला दोन ओळी रोवल्या. भात संध्याकाळपर्यंत माना टाकणार नाही इतके खोल कसे रोवायचे, हे त्यांना कुणी दाखवले? मंत्र्यानेच. सांगताना लाज वाटते, पण खरे आहे.

सेनापतीने हत्तीवरून पाहिले आणि खूश झाला. "वा! इतकं पिकलंय? मग या गावातून फौजेसाठी शंभर गाड्या धान्य उचला."

गावात उरले होते ते फक्त रांजणांतले बियाणे. बहीण रस्त्याकडेला उभी होती. ती भावाकडे बघत राहिली. 'या दोन ओळींपलीकडे नुसत्या भेगा आहेत,' एवढेच सेनापतीला सांगावे, असे मंत्र्याच्या मनात आले. त्याचे ओठ हललेसुद्धा.

"आज्ञा," तो म्हणाला.

शिपायांना शेतात काही मिळाले नाही, तेव्हा त्यांनी रांजण उपडे केले.

पुढच्या पावसाळ्यात सेनापतीची मर्जी फिरली. बाजारात दवंडी पिटली गेली, "शेतीमंत्र्यांना विश्रांती घेण्याची परवानगी देण्यात येत आहे हो!" बिचाऱ्याने परवानगी मागितलीच नव्हती. आपण मंत्री राहिलो नाही, हे त्याला एका भाजीवालीकडून कळले.

तो गावी परतला. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता. खाचरे तुडुंब होती आणि लावायला मूठभरही रोप नव्हते. निम्मी घरे बंद होती, माणसे पोट भरायला परमुलखात गेली होती. बहीण मात्र पायरीवर बसली होती.

तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, त्या दिवशी बोललो असतो तर मंत्रिपद गेलं असतं गं."

बहिणीने त्याला पाणी दिले. मग शांतपणे विचारले, "आणि आता कुठंय ते?"

तो पाण्याने भरलेल्या, रिकाम्या शेतांकडे बघत राहिला आणि लहान मुलासारखा रडला.

तात्पर्य : पद राखण्यासाठी जो आपल्या माणसांचे खरे सांगत नाही, त्याचे पद तर जातेच, आणि परतायला गावही उरत नाही.