चौकटीतली मोडी

मोडी लिपीत संशोधन करू पाहणारी वेणू शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला बसली होती खरी, पण तिचं मन भिंतीवरच्या चौकटीतल्या मोडी कागदावर तरंगत होतं. ऊन त्या अक्षरांवरून हळूहळू ओघळत होतं.

"या जुन्या लिपीचा आज उपयोग काय?" ट्रस्टचे अध्यक्ष दादासाहेब गुरगुरले. "शिकायचं तर पराक्रम शिका! ती बघा, आमच्या पणजोबांच्या शौर्याची सनद. दर दसऱ्याला पूजतो आम्ही."

वेणू झोपेत बोलल्यासारखी म्हणाली, "सनद नाही, अर्ज आहे तो. काशीला काव्य शिकायचंय, दोन वर्षं जेवणाची सोय व्हावी, असं पणजोबांनी सरदारांना विनवलंय."

दादासाहेबांचा आवाज खाली आला. "मग?"

"खाली सरदारांचा शेरा आहे. काव्याचा उपयोग आम्हांस कळत नाही, तरी मुलास पाठवावे."

दादासाहेबांनी चष्मा पुसला आणि वेणूच्या अर्जावर शेरा मारला, "लिपीचा उपयोग आम्हांस आज कळला. मुलीस शिकवावे."