ओरडणारं बेअरिंग

यंत्रं बोलायची आणि माणसांना ती नुसती घरघर वाटायची, त्या काळातली ही गोष्ट. हैबतीच्या जीपच्या गिअरबॉक्समध्ये एक बेअरिंग सारखं ओरडायचं, "अरे, ऑइल गळतंय! आपण कोरडे पडतोय!"

"आमचं छान चाललंय. तुझीच मेली कटकट!" अंधारात चौथा गिअर दात विचकून म्हणाला. बाकीचे तिघे हसले.

रज्जाक मिस्त्रीनं इंजिन चालू ठेवून क्लच दाबला. घरघर थांबली. सोडला, तशी पुन्हा सुरू झाली. "बेअरिंग आहे. गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

"ऐन लग्नसराईत?" हैबती म्हणाला. "नुसता आवाज बंद करा. थोडा भुसा टाका आत."

"गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा?" मिस्त्रीनं साफ नकार दिला, तेव्हा हैबतीनं घरी जाऊन स्वतःच भुसा टाकला.

बेअरिंगचा आवाज बसला. "सुटलो बाबा एकदाचे!" गिअर म्हणाले.

पुढे भर घाटात वऱ्हाडासकट जीप अडकली. एकही गिअर पडेना. मिस्त्रीनं येऊन गिअरबॉक्स खोलला. बेअरिंगचा चुरा झाला होता.

आत पहिल्यांदाच उजेड आला. गिअरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते हादरलेच. चौघांत मिळून एकही दात धड उरला नव्हता.