वरवर विंचरलेले केस

एका उघड्या माळरानावर, मेंढ्यांच्या कळपाच्या सोबतीने, लांब केसांचा एक कुत्रा राहत असे. मुलांनो, केस इतके लांब की तो चालू लागला की त्याचे पाय दिसत नसत. कळपातली सगळी कोकरे त्याच्या राखणीत होती आणि ओढ्यापलीकडचा लांडगा त्याला वचकून असे. पण कुत्र्याला राखणीपेक्षा केसांचेच कौतुक अधिक! रोज सकाळी एक साळुंकी त्याच्या पाठीवर बसून चोचीने केस विंचरून देई, आणि हा डोळे मिटून सुखाने पडून राही.

पाठ झाली की साळुंकी काखेकडे वळे. गवताची कुसळे तिथेच अडकत आणि केसांचा गुंता तिथेच होई. पण चोच लागली, जरा ओढ बसली, की कुत्रा गुरकावे. "तिथं नको. वरचेच विंचर."

"दादा, गाठ आत आहे," साळुंकी म्हणे. "आज थोडं दुखेल, पण मोकळं होईल."

"आतलं कोण बघायला येतंय?" असे म्हणून तो उठून जाई.

माळावरच्या एका म्हशीने सांगितले, "डोहात डुंबून ये. सगळं स्वच्छ होतं." हा उपाय त्याला आवडला, कारण त्यात दुखणे नव्हते. केस वरून चकाकू लागले. आतला गुंता मात्र भिजून, उन्हात वाळून आणखीच आवळला. एका मेंढीने त्याला लंगडताना पाहिले. ती म्हणाली, "धनगर आमची लोकर कातरायला बसेल तेव्हा तूही जा त्याच्यापुढे. केस काय, पुन्हा येतात."

"तुमच्यासारखा बोडका होऊ? मग माझा रुबाब तो काय राहिला?" कुत्रा म्हणाला. मेंढीने पुन्हा सांगितले नाही. साळुंकीनेही हळूहळू काखेचा विषय सोडून दिला. पालथ्या घड्यावर पाणी किती दिवस घालायचे?

एका दुपारी त्याच मेंढीचे कोकरू चरता चरता ओढ्याच्या काठी गेले. लांडगा झुडपातून बाहेर आला. मेंढीने हंबरडा फोडला आणि कुत्रा धावला. तो भित्रा नव्हता, मुलांनो, त्याच्यावर तो आळ कुणी घेऊ नये. एरवी तेवढे अंतर त्याने दहा-बारा उड्यांत तोडले असते. पण दोन्ही काखांत केसांची जट घोंगडीसारखी घट्ट बसली होती. पुढचा पाय वीतभरापलीकडे पडेना. प्रत्येक उडीला कातडी फाटत होती, तरी तो पळत राहिला. तो काठावर पोहोचला तेव्हा लांडगा कोकरू घेऊन पलीकडे चढून गेला होता.

दुसऱ्या दिवशी कुत्रा आपल्या पायांनी धनगराकडे गेला आणि त्याच्यापुढे आडवा झाला. कातरी चालली. केस उतरले, काखांतली जट अखंड सुटून आली आणि खालची लाल, चिघळलेली कातडी उघडी पडली. ती मेंढी जवळ आली. तिने ते पाहिले आणि रागावायला आलेली ती नुसती उभी राहिली.

"इतकं दुखत होतं," ती म्हणाली, "तर अंगावर का काढलंस? बोलला का नाहीस?"

कुत्र्याने मान वर केली नाही. "ताई," तो म्हणाला, "वरून चांगलं दिसत होतं."

 मेंढी वळली आणि कळपात चरायला गेली. तिच्या मागोमाग धावणारे कोकरू आता नव्हते.

तात्पर्य : दुखेल या भीतीने जो आतली गाठ तशीच ठेवून वरवर विंचरत राहतो, त्याच्या चुकीची किंमत त्याच्यावर विसंबलेल्यांना मोजावी लागते.