उंच राहिलेला बोरू

शाई घरीच घोटत असत, त्या काळची गोष्ट. दाजीबा पोथ्या लिहीत. त्यांच्या कलमदानात दोन बोरू होते. लांब्या नवाकोरा, आणि बुटक्या तासून तासून बोटभर उरलेला. नवी पोथी आपणच लिहावी म्हणून लांब्याचा जीव तुटत होता, पण दाजीबा उचलायचे बुटक्यालाच. लांब्याच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"दौतबाई, त्या मेल्याला चांगली शाई चोरून देता ना?"

"डोळे फुटले का तुझे? दोघंही माझ्यातच तोंड बुडवता. चाकू दिसला की तळाशी दडतोस ते सोड. टोक तासून घे, मग अक्षर बघ."

"आणि माझी उंची घालवू? हॅट!"

"मग बस जळत!"

लांब्या जळतच बसला. शेवटी चाकूच्या कानाशी लागला, "मामा, त्या बुटक्याला असा तासा की संपलाच पाहिजे."

चाकूनं बुटक्याला तासलं. तो आणखी आखूड झाला खरा, पण त्याचं अक्षर इतकं रेखीव उमटलं, की सगळी पोथी दाजीबांनी त्यालाच धरून लिहिली.

लांब्याला त्यांनी शाई ढवळायला घेतलं. गळ्यापर्यंत काळा होऊन तो दौतीतून ओरडला, "तरी उंच मीच आहे!"