पोचलं, ठके

फार वर्षांपूर्वीची, आपले पणजोबाही जन्मले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. तळदरं गावात येसबा नावाचा पाटकरी होता. ओढ्याच्या बंधाऱ्यातून पाट निघे, तो वरच्या आळीच्या शेतांतून खालच्या आळीपर्यंत जाई, आणि त्याचं दार येसबाच्या हाती असे. जवळच्या घंगाळात तो तळाला भोक असलेली तांब्याची वाटी सोडी. वाटी भरून बुडाली की एका शेताची पाळी संपली. पाटलाला एक वाटी, विधवेलाही एकच. उभ्या हयातीत येसबानं वाटीत खोट केली नाही, असं म्हणतात.

तरी वरची आळी सणाला पुरणपोळी खाई आणि खालची आळी अंबाडीच्या भाजीवर दिवस काढी. हे असं का, यावर पिंपळाखाली रोज वाद झडे. पाटील म्हणे, अंगात आळस मुरलाय. गुरव म्हणे, मागल्या जन्मीचं फेडतायत. फौजेतून परतलेला एक शिलेदार म्हणे, राजाचा शेतसाराच गरिबाला उभं राहू देत नाही. बोलायला कुणाचं काय जातं! शेवटी सगळे येसबाकडे बघत आणि तो म्हणे, "वाटी तर समद्यास्नी सारखीच हाय." मग वाद मिटे.

येसबाची धाकटी बहीण ठकी खालच्या आळीत दिली होती. तिचं वावर पाटाच्या अगदी टोकाला. ती येऊन म्हणे, "दादा, पानी पोचत न्हाई रं."

"तुझी वाटी म्या सोडली व्हती, ठके. तुमीच वाफ्यांची दारं धरायला उशिरा उठत आसाल."

पाळी चालू असताना पाटकऱ्यानं जागा सोडायची नाही, अशी रीत होती. त्यामुळे पाळीच्या वेळी टोकाला काय होतं, ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

एका दुष्काळात ठकीनं नदीवरून घागरी वाहून वांग्याची रोपं जगवायला घेतली. चैताच्या उन्हात ती घागरीसकट बांधावर कोसळली, ती उठलीच नाही.

दार दुसऱ्याच्या हाती देऊन येसबा मातीला गेला. माती झाल्यावर तो पाटाच्या टोकाशी उभा राहिला. "आज हिचीच पाळी हाय. पानी यील आता," तो म्हणाला.

ठकीचा सासरा खाली बघत म्हणाला, "तकडं वाटी बुडाली आसंल, येसबा. दर पाळीला आसंच."

येसबा कोरड्या पाटातूनच वर चालत गेला. मध्यावर वाळूचा पट्टा होता. पाणी तिथवर येत होतं आणि तिथंच जिरत होतं. येसबा लहान पोरासारखा रडला. दार लावू नका, असा त्यानं वर निरोप धाडला. माती लिंपली, गवत कोंबलं, वाळूनं सगळं गिळलं. मग तो स्वतःच त्या वाळूवर आडवा झाला.

असं म्हणतात, पाणी त्याच्या पाठीवरून वाहत टोकाला गेलं आणि ठकीच्या वावरात पहिल्यांदा ओल आली. लोक धावत आले तेव्हा येसबा नव्हता. पाटाच्या तळाशी माणसाएवढा काळा दगड होता.

आजही हंगामाचं पहिलं पाणी ठकीच्या वावराला सोडतात. त्या पाळीला वाटी नसते. टोकाचा माणूस "पोचलं, ठके" अशी हाक देतो, ती बांधाबांधावरून वर येते, तेव्हाच पाटकरी दार लावतो. पिंपळाखाली वाद अजून होतात, पण हाक येईपर्यंत कुणी तोंड उघडत नाही.

ओढा आटलेल्या वर्षी हाक येत नाही. पाटकरी दिवस मावळेपर्यंत बसून राहतो, आणि दार उघडंच ठेवून घरी जातो.